इंजिनाशेजारची पंगत

यात्रा कंपनीत स्वयंपाकाला होते असं कळलं की बायका म्हणतात, "म्हणजे फुकटात चारी धाम झाले की!" झाले, खोटं कशाला बोलू. पण रामेश्वर मी पाहिलं ते भांडी घासून झाल्यावर, आणि पुरीचा समुद्र पाहिला तो तांदूळ धुता धुता. देवळांपेक्षा मला धर्मशाळांच्या मोऱ्या जास्त आठवतात. कुठे सकाळी सातला पाणी जातं, कुठली चूल धुरते, कुठे माकडं पोळ्या पळवतात, हे मला आजही कोणी विचारावं.

आमच्या मालकांचं, अण्णाजींचं, नागपूरच्या गांधीबागेत कापडाचं दुकान होतं. वर्षातून दोनदा ते यात्रा काढायचे. तीस-पस्तीस माणसं, बहुतेक सगळी म्हातारी, आणि स्वयंपाकाला आम्ही दोघी, मी आणि शेवंता. शेवंता बोलायची, मी रांधायची, अशी आमची वाटणी होती. धर्मशाळेच्या मॅनेजरशी भांडून बंब मिळवणं, भाजीवाल्याला गप्प करणं ही शेवंताची कामं. मला परक्या माणसासमोर तोंडच उघडता येत नसे. पण शंभर पोळ्या एका मापाच्या कराव्यात तर मी, आणि चव न घेता मीठ टाकावं तर तेही मीच.

यात्रेतला स्वयंपाक हा लग्नातल्या स्वयंपाकासारखा नसतो. लग्नात माणूस एकदा जेवून जातो. इथे तोच माणूस महिनाभर रोज ताटावर बसतो. तिसऱ्या दिवशी त्याला घर आठवतं, आणि घर आठवलं की तो वरणाला नाव ठेवतो. वरण बदलून उपयोग नसतो. त्याच्या घरची एखादी गोष्ट ताटात पडली पाहिजे. वर्ध्याकडचे एक गृहस्थ बायकोच्या हातची पोळी असल्याशिवाय जेवत नसत. ती बाई बिचारी यात्रेला येऊनही रोज माझ्या चुलीशी बसून चार पोळ्या लाटायची. एक दिवस तिला ताप आला. मी माझ्याच पोळ्या तिच्यासारख्या जाडसर लाटून पाठवल्या. गृहस्थ जेवले आणि म्हणाले, "पाहा, ताप असूनही काय हात आहे!" देवळात माणूस कसा असतो ते पुजाऱ्याला ठाऊक. भुकेला कसा असतो ते आम्हाला.

अण्णाजींच्या पत्रकावर एक ओळ ठळक छापलेली असे, 'दोन्ही वेळ बसून पंगतीचे जेवण'. दुसऱ्या कंपन्या पुरी-भाजीची पुडकी हातात देऊन मोकळ्या होत. आमच्याकडे धर्मशाळा असो की रेल्वेचा फलाट, सतरंजी अंथरली जायची, ताट मांडलं जायचं. त्या ओळीवर अण्णाजींचा धंदा उभा होता. फक्त एकदा ती ओळ आम्हाला पाळता आली नाही. ते साल एकाहत्तर-बहात्तर असावं. दक्षिण यात्रा होती, रेल्वेने मुंबई, मुंबईहून बोटीने पणजी आणि तिथून पुढे रामेश्वरापर्यंत.

त्या यात्रेत कळमेश्वरकडच्या पार्बताबाई होत्या. शेतकरी घरातल्या, सत्तरीच्या. सगळे त्यांना माय म्हणत. त्यांच्याजवळ तोंड बंद केलेला तांब्याचा गडू होता. मायच्या यजमानांनी काशीला जाऊन गंगा आणली होती, ती रामेश्वराला घालायची होती. पण ते त्याआधीच वारले, आणि गडू सात वर्षं भिंतीतल्या देवळीत राहिला. आता माय तो घेऊन निघाल्या होत्या. घर सोडताना त्यांनी नेम धरला होता. रामेश्वराला गंगा घालेपर्यंत दिवसातून एकदाच जेवायचं, बसून जेवायचं आणि मुक्याने जेवायचं. पहिला घास घेतल्यावर तोंडातून शब्द गेला की जेवण संपलं. हात धुवायचा आणि दुसऱ्या दिवशीची वाट पाहायची. मध्ये फक्त पाणी आणि संध्याकाळी कपभर दूध.

घरी असा नेम चालतो. घरच्यांना ठाऊक असतं, कोणी हाक मारत नाही. प्रवासात सगळं जग हाका मारतं.

पहिल्या दिवशी गाडीत मायने दोन घास घेतले न घेतले तोच तिकीट तपासणारा आला. "आजी, तिकीट?" माय बोलून गेल्या, "त्या अण्णाजीपाशी हाय गा." झालं. हात धुतला.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या धर्मशाळेत मी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, पाठीमागे शेवंताला उभं केलं, की कोणी बोलायला येऊ नये. सगळी तयारी नीट केली आणि स्वतःच वाढायला गेले. वरण उकळतं होतं. पळी कलली आणि वरणाची धार मायच्या पावलावर पडली.

"अवं माय वं!"

एवढंच त्या बोलल्या. मग ताटाला नमस्कार करून उठल्या. मी तिथेच खाली बसले. मायने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काहून रडून राहिली? पाय भाजला माहा, अन् रडतेस तू!"

रात्री त्यांना उठून बसतानासुद्धा भिंत धरावी लागली. अण्णाजींनी ते पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण आदल्या वर्षी एक यात्रेकरू चक्कर येऊन पडला होता आणि त्याच्या भावाने भर बाजारात अण्णाजींची कॉलर धरली होती.

"कुसुमबाई," ते मला म्हणाले, "उद्या बोटीवर माय पोटभर जेवल्या तं ठीक. नाही तं रत्नागिरीला तुम्ही अन् माय दोघी उतरा. एसटीनं कोल्हापूर, तिथून रेल्वेनं सीधं नागपूर. पुढं बसचा प्रवास हाय. मले कोणाचं मरण अंगावर नाही घ्यायचं."

माय ऐकत होत्या. त्यांनी गडू जवळ ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

सकाळी बोटीच्या धक्क्यावर गेलो. आम्ही सगळी कोरड्या मुलखातली माणसं. बोट म्हणजे पाण्यावरची आगगाडी, असाच आमचा समज. अण्णाजींना वाटलं, तिकिटावर जागेचा नंबर असेल. म्हणून आम्ही निवांत होतो. धक्क्यावर माणसं मोजली, नारळ फोडला, प्रसाद वाटला, आणि रांगेने, वयाप्रमाणे, वर चढलो. पाहतो तर सगळा डेक चटया, चादरी, वळकट्यांनी भरलेला. कोकणातली माणसं दार उघडल्याबरोबर धावत सुटली होती आणि ज्याने चादर टाकली त्याची जागा. आमची तीस माणसं तीस ठिकाणी विखुरली. कोणी जिन्याखाली, कोणी संडासाच्या दाराशी, कोणी दुसऱ्याच्या ट्रंकेवर. वर चढतानाच खलाशाने आमची कोळशाची शेगडी काढून घेतली होती. बोटीवर विस्तव चालत नाही म्हणे.

पंगत तर सोडाच, मांडी घालायला जागा नव्हती. पहाटे धर्मशाळेत केलेल्या दशम्या आणि जवसाची चटणी आम्ही हातोहात वाटली. एक निवृत्त गुरुजी खिशातून पत्रक काढून उभे राहिले.

"अण्णाजी, इथे 'बसून' असं छापलं आहे."

"गुरुजी, तुम्ही बसलेच हाय न!"

"मी एका परक्या माणसाच्या ट्रंकेवर बसलो आहे. तो रत्नागिरीला ट्रंक घेऊन उतरणार आहे."

लोक हसले. मला हसू आलं नाही. बोट सुटली होती. बंदरात होतो तोवर पाणी गुळगुळीत होतं. बाहेर पडल्यावर डेक असा वरखाली व्हायला लागला की शेवंताने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने तोंड धरलं आणि ती आडवी झाली. तिच्यामागून आमचे अर्धे यात्रेकरू आडवे झाले. माझं बोलणारं माणूसच आडवं झालं. मला मात्र काही होत नव्हतं. धुरात तीस वर्षं काढलेल्या बाईचं पोट सहसा हलत नाही.

आधी मी डेकवरच प्रयत्न केला. दोन बायकांना लुगडं धरून आडोसा करायला लावलं आणि मायला मध्ये बसवलं. ताट मांडायच्या आतच एक माणूस आडोशावरून वाकून म्हणाला, "आजी, जरा पाय घेता का?" मायने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. पहिला घास घेतला नव्हता म्हणून वाचलो. अशा ठिकाणी नेम टिकला नसता.

मग मी एकटी वरच्या मजल्यावर गेले. आयुष्यात प्रथमच मी कोणाकडे काही मागायला जात होते. तिथे मोठ्या तिकिटवाल्यांची जेवणाची खोली होती. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, खुर्च्या. दारातला पांढऱ्या कोटातला माणूस सभ्य होता. मी पदर चावत कसंबसं सांगितलं, एका म्हातारीला बसून जेवायला जागा हवी. तो म्हणाला, "बाई, खालच्या तिकिटाला इथे बसता येत नाही. पण म्हातारी आहे म्हणता, तर मी साहेबांना विचारतो. आणा त्यांना. दर वाढणीला काय घेणार, भात की चपाती, तेवढं मात्र त्यांनीच सांगायचं. इथे विचारूनच वाढतात."

मी त्याला नमस्कार करून परत फिरले. जिथे विचारूनच वाढतात तिथे मायचं काय काम?

जिन्यात मला खोबरं भाजल्याचा वास आला. हे आमच्या कामाचं एक आहे, कुठल्याही नव्या जागी रस्ता चुकलात तर वासामागे जावं. एक अरुंद जिना उतरून गेले तर स्वयंपाकघर. घामाने भिजलेला, बनियन घातलेला एक जाडा माणूस भलामोठा टोप ढवळत होता. बोटीवरच्या या आचाऱ्याला भंडारी म्हणतात, हे मागाहून कळलं. मालवणकडचा होता.

"काय गे बाय? हय खंय इलंस?" तो म्हणाला. "गरम पाणी व्हया?"

मला भाषा निम्मी कळली. पण त्याच्या हातात पळी होती आणि माझा जन्म पळी धरण्यात गेला होता. का कोण जाणे, त्याच्यासमोर माझी जीभ सुटली. मी सगळं सांगितलं. काशीची गंगा, दोन दिवसांचा उपास, पायावर सांडलेलं वरण, रत्नागिरी. तो ढवळायचा थांबला.

"तुज्याच हातान सांडला?"

"हो."

"मग तुकाच जेवक घालूक व्हया," तो म्हणाला. मग त्याने पळीने खाली दाखवलं. "बसाची जागा एकच आसा. आमचे खलाशी थंय बसतत. खाली, इंजिनाच्या बाजूक. पण थंय माणसान बसाचा नाय. येवढो आवाज, की बाजूच्याचा बोलणा आयकाक येना नाय."

मी म्हटलं, "तेच तं पायजे भाऊ."

तो मोठ्याने हसला. त्या जागेचं कोणी कौतुक केल्याचं त्याने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं. मग त्याने आणखी एक सांगितलं, तेही मला नवीन होतं. बोट वर जास्त हलते. जितकं खाली आणि मधोमध जाल तितकी कमी. ताट सांडायचं नसेल तर इंजिनाजवळच बसावं.

मायला धरून मी दोन जिने उतरवलं. ती लोखंडी खोली लहान होती. भिंतीपलीकडे इंजिन चाललं होतं आणि त्याचा आवाज कानात नाही, छातीत वाजत होता. खाली लांब चटई, आणि चटईवर पंधरा-वीस खलाशी ताटं पुढे घेऊन बसलेले. माय दारात घाबरून थांबल्या. माझ्याकडे वळून काहीतरी बोलल्या. मला ओठ दिसले, शब्द एकही आला नाही. मीही काही बोलले, त्यांनाही ऐकू गेलं नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं. तीन दिवसांत प्रथमच त्या हसल्या.

चटईच्या टोकाला मी ताट मांडलं. दशमी, चटणी, तूप. भंडारी खलाशांसाठी दोन टोप घेऊन आला, एक भाताचा, एक माशाच्या कालवणाचा. तो वास आला आणि मी मायकडे पाहिलं. मायच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. भंडाऱ्याने माझं तोंड पाहिलं. त्याने कालवणावर झाकण दाबलं, वर पळी आडवी ठेवली आणि टोपाला पाठ लावून उभा राहिला.

एका खलाशाने स्वतःच्या रिकाम्या ताटाकडे बोट दाखवलं. भंडाऱ्याने मायकडे दाखवलं. दुसऱ्याने पोटावर हात मारला. भंडाऱ्याने पुन्हा मायकडे दाखवलं. का थांबायचं हे त्यांना सांगायची सोय नव्हती. पण एकेकाने हात मांडीवर घेतले. भट्टीवरून काळे होऊन आलेले ते दांडगे पुरुष रिकाम्या ताटांपुढे, एका म्हातारीचं होईपर्यंत, भिंतीकडे पाहत बसून राहिले.

मायने दशमीचा तुकडा तोंडात घातला. चावला, पुन्हा चावला, पण गिळवेना. दोन दिवसांच्या उपासाने घसा कोरडा पडला होता आणि दशमी पहाटेची, वाळलेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता या उठल्या की संपलं, हे मला दिसत होतं. मी भंडाऱ्याकडे पाहिलं. त्याने काही न विचारता भाताच्या टोपाचं झाकण काढलं.

मायचा नेम एवढाच होता, बसून आणि मुक्याने. पण परक्या चुलीवरचं, कोणाच्या हातचं माहीत नाही असं त्या खात नसत, हे मला ठाऊक होतं. गाडीत फलाटावरचा चहासुद्धा त्यांनी घेतला नव्हता. विचारायला जागा नव्हती आणि वेळही नव्हता. मी भात वाढला. वर माझं तूप घातलं, मीठ, लिंबाची फोड. वाफ मायच्या तोंडावर गेली. त्यांनी कालवला आणि खाल्ला. मग दुसरा घास, मग तिसरा.

तेवढ्यात वरून एक खलाशी उतरला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. आपल्या जागेवर कोणी म्हातारी बसलेली पाहून तो तिच्यासमोर उभा राहिला आणि हात नाचवत बराच वेळ बोलला. चांगलाच चिडला होता. माय त्याच्या तोंडाकडे शांतपणे पाहत जेवत होत्या. एक अक्षर पोचत नव्हतं. शेवटी बाकीच्यांनी त्याला सदरा धरून खाली ओढलं.

मायने तीन वेळा भात घेतला. बोटांनी खूण करून मागितला. पाणी प्यायल्या, ताटाला नमस्कार केला आणि माझा हात न धरता उठल्या. भंडाऱ्याने कालवणाचं झाकण उघडलं. आम्ही वर निघालो.

इतकी वर्षं पंगती वाढल्या, पण एवढी उपाशी पंगत मागे टाकून मी कधी निघाले नव्हते. 'जेवा आता' असं हातानेसुद्धा मी त्या माणसांना सांगितलं नाही. भंडाऱ्याचं नावही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पणजीला उतरताना पुन्हा तो जिना उतरून गेले, तर स्वयंपाकघराला कडी होती आणि मागून अण्णाजी हाका मारत होते. ते माझ्याकडून राहिलं.

त्या दिवशी मायला घेऊन वर येत होते, तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर आवाज कमी झाला. मला राहवेना.

"माय, तो भात आपला नव्हता. त्यांच्या चुलीवरचा होता. मी विचारलं नाही."

माय पायरीवर टेकल्या. श्वास घेतला.

"मले का डोये नाही? तुह्याजवळ शेगडी नाही, अन् भातातून वाफ निंगून राहिली. तं तो का समुद्रात शिजला?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"रामेश्वराले सांगीन मी माह्या तोंडानं," त्या म्हणाल्या. "तू कायले मधात पडतं? तू आपली उद्या वरण वाढताना पायाकडे पाह्यजो."

रत्नागिरीला बोट थांबली तेव्हा ऊन कललं होतं. उतरणारे होडीत उतरत होते. अण्णाजी उतरायच्या दाराशी उभे होते, आणि त्यांच्या पायाशी आमच्या दोघींच्या वळकट्या बांधून ठेवलेल्या होत्या. जेवणाच्या वेळी त्यांनी आम्हाला डेकवर शोधलं होतं, सापडलो नव्हतो. डेकवर जेवायची जागा नाही हे त्यांना दिसतच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मायला विचारलं.

"माय, खरं सांगा. जेवल्या?"

"जेवली गा. पोटभर."

"कुठं जेवल्या? साऱ्या बोटीवर बसाले जागा नाही."

"जिथं कोनी काही इचारत नाही, तिथं," माय म्हणाल्या.

अण्णाजींनी मग माझ्याकडे पाहिलं. एरवी मी अशा वेळी पदर ओढून मागे सरते. त्या दिवशी म्हटलं, "तीन वेळा भात घेतला त्यांनी. मी वाढला."

खाली होडीवाला ओरडत होता, नागपूरच्या दोन बाया कोण आहेत म्हणून. अण्णाजींनी त्याला हाताने नाही म्हणून सांगितलं. मग वाकून दोन्ही वळकट्या स्वतः खांद्यावर घेतल्या आणि लोकांच्या चादरी ओलांडत आमच्या जागेकडे चालू लागले.